थालीपीठ कुठल्या खान्यात?

परवा रात्री नऊच्या सुमाराला भाचीचा फोन आला. दादाची धाकटी, चौथीत आहे. इकडचं तिकडचं काही न बोलता तिने थेट विचारलं, "आत्या, थालीपीठ कुठल्या खान्यात टाकू?"

शाळेतून प्रकल्प दिला होता. कार्डशीटवर पाच खाने आखायचे. धान्यं, डाळी, दूध-अंडी-मांस, भाज्या-फळं आणि शेवटचा तेल-तूप-साखरेचा. दिवसभरात आपण जे जे खाल्लं त्याची चित्रं काढून त्या त्या खान्यात चिकटवायची. पोळी पहिल्यात गेली, वरण दुसऱ्यात गेलं, केळं चौथ्यात गेलं. संध्याकाळी खाल्लेल्या थालीपिठापाशी गाडी अडली.

मी म्हटलं, "भाजणीत काय काय असतं सांग बघू."

मागून वहिनीचा आवाज ऐकू येत होता. ज्वारी, बाजरी, तांदूळ, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे. वर कांदा आणि कोथिंबीर. तव्यावर तेल. ताटात लोण्याचा गोळा.

"अगं, म्हणजे पाचही खान्यांत!" भाची वैतागली. "मग मी एका थालीपिठाचे पाच तुकडे करू?"

"कर की," असं म्हणून मी हसून वेळ मारून नेली. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न काही सुटेना. आपल्या ताटात कधीच खाने नव्हते. म्हणजे ताटाला शिस्त होती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, वाढायचा क्रमही ठरलेला. पण ती शिस्त चवीची आणि रीतीची. मग हे खाने पाडले कुणी? आणि कशासाठी? दोन-तीन दिवस तेच वाचत बसले होते. जे हाती लागलं ते इथे मांडून ठेवते. घरच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवट त्यांच्याबद्दल आहे :)

तर गंमत अशी की अन्नाचे गट पाडून सांगणारी अमेरिकन सरकारची पहिली पुस्तिका लहान मुलांच्या खाण्याविषयीच होती. १९१६ साली तिथल्या कृषी खात्यातल्या कॅरोलाइन हंट यांनी ती लिहिली. त्यातही गट पाचच होते: दूध-मांस, धान्यं, भाज्या-फळं, स्निग्ध पदार्थ आणि साखर व गोड पदार्थ. हो, साखरेला आपला स्वतंत्र, मानाचा गट! तेव्हा जीवनसत्त्वांची ओळख नुकती कुठे होत होती. एल्मर मॅककॉलम या शास्त्रज्ञाने दूध आणि पालेभाज्यांना 'संरक्षक अन्न' म्हणायला सुरुवात केली ती त्याच सुमाराची गोष्ट.

पुढे खान्यांची संख्या बदलत राहिली. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, अमेरिकेने सात गटांचं एक गोल चक्र काढलं. रेशनिंग चालू होतं. एक वस्तू मिळाली नाही तर तिच्याऐवजी काय खावं हे लोकांना कळायला हवं होतं, म्हणून भाज्या-फळांचेच तीन गट पाडले. लोणी आणि मार्गारिन यांचा तर वेगळा गट होता. १९५६ मध्ये साताचे चार झाले. १९७४ मध्ये स्वीडनमध्ये, अन्न महाग झालेलं असताना, तिथल्या सहकारी दुकानांच्या संघात काम करणाऱ्या ॲना-ब्रिट ॲग्नसेटर यांनी त्रिकोणी मनोरा काढला. स्वस्त आणि रोजचं ते तळाला, जपून खायचं ते टोकाला. अमेरिकेने तसाच मनोरा १९९२ मध्ये आणला. खरं तर तो १९९१ मध्येच तयार होता, पण मांस आणि दूधवाल्यांनी कुरकुर केली आणि वर्षभर लांबला. २०११ मध्ये मनोरा गेला आणि ताट आलं.

म्हणजे निसर्गात कुठे पाच किंवा सात खाने आखलेले नाहीत. कधी टंचाई होती, कधी महागाई, कधी सुबत्ता, आणि त्या त्या वेळी जे शिकवायची गरज वाटली त्याप्रमाणे रेघा ओढल्या गेल्या. हे वाचून मला जरा हायसं वाटलं. भाचीचं थालीपीठ चुकलेलं नाही :)

आता आपल्याकडे काय झालं ते बघू.

आपल्याकडची गोष्ट सुरू होते निलगिरीतल्या कुन्नूरला. रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे एक आयरिश डॉक्टर लष्करी वैद्यकीय सेवेत होते. १९१८ मध्ये त्यांनी तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत बेरीबेरी या रोगावर संशोधन सुरू केलं. पुढे त्याचीच पोषण प्रयोगशाळा झाली. मॅककॅरिसन यांचा सर्वात गाजलेला प्रयोग उंदरांवरचा. त्यांनी हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचा आहार वेगवेगळ्या उंदरांना घातला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी, असे सात गट. मग त्यांची वजनं केली. शीख आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, मराठा आहारावरचे २२५ आणि मद्रासी आहारावरचे १५५. आपला नंबर तिसरा! वाचताना क्षणभर छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

पण मग मनात आलं, 'मराठा आहार' म्हणजे नेमका कुणाचा? पाटलाच्या वाड्यातला की वाड्याबाहेरच्या वेठबिगाऱ्याचा? पंगतीत पहिल्या बसणाऱ्याचा की चुलीपाशी शेवटी बसणारीचा? उंदरांना सगळ्यांना पोटभर घातलं होतं. माणसांचं तसं नव्हतं. तरी त्या प्रयोगाने एक गोष्ट पक्की केली. फरक रक्तात किंवा जातीत शोधायच्या आधी ताटात शोधावा. अमुक लोक लढवय्ये आणि तमुक लोक दुबळे असं मानणाऱ्या त्या काळात हे म्हणणं लहान नव्हतं.

मॅककॅरिसन १९३५ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी वॉलेस ॲक्रॉइड आले. या माणसाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात कधी वाचल्याचं मला आठवत नाही, पण 'शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम किती' हे आपण जिथून पाठ केलं त्याचं मूळ त्यांच्यापाशी जातं. १९३७ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची एक सरकारी पुस्तिका काढली. आरोग्य विभागाची पत्रिका क्रमांक २३. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, शेवगा असे आपले पदार्थ एकेक तपासून त्यातली प्रथिनं, चरबी, क्षार यांचे तक्ते दिले आणि त्यावरून समाधानकारक आहार कसा आखायचा हेही सांगितलं. ही पुस्तिका पुन्हा पुन्हा छापली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला हलली, १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळालं आणि तिथे डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये तेच काम वाढवून नव्याने छापलं. २०१७ मध्ये ५२८ पदार्थांचे अगदी नवे तक्ते निघाले. शाळेतले खाने याच परंपरेतून आले.

ॲक्रॉइड यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेने सात गटांचं चक्र काढलं ते १९४३ साली, हे वर लिहिलंच. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं भाताची पेज मागत मेली. त्या दुष्काळाची चौकशी करायला सरकारने जो आयोग नेमला त्याचे एक सदस्य ॲक्रॉइड होते. आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख दिला. तो अंदाज ॲक्रॉइड यांनीच बांधला होता, आणि तो कमी पडला असं त्यांनी पुढे १९७४ मध्ये आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. नंतरच्या अभ्यासकांनी ३० लाखांच्या आसपासचे आकडे मांडले.

ज्या माणसाने आपल्याला 'काय खावं' याचे तक्ते दिले त्यालाच अन्नाविना मेलेली माणसं मोजावी लागली. एकाच वर्षात एका देशात लोण्याला स्वतंत्र खाना आणि दुसऱ्या देशात सगळेच खाने रिकामे. हे वाचल्यापासून ती रंगीत चित्रं माझ्या डोळ्यांना पहिल्यासारखी दिसत नाहीत.

आता आईचं सांगते.

आई १९७१ मध्ये सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली. शाळेत 'चौरस आहार' नावाचा एक गुंडाळी तक्ता होता, खाली-वर काळ्या पट्ट्या असलेला. त्यात सफरचंद होतं, अंडं होतं, बाटलीतलं दूध होतं. आई सांगते, पहिल्याच वर्षी एका मुलाने सफरचंदाकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ह्यो टमाटा का?"

पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही. १९७२. आमच्या घरात अजून 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. लोक खडी फोडायला गेले, पाझर तलाव खणायला गेले, आणि पोरं त्यांच्याबरोबर. रेशनला मिलो यायची, ती परदेशी लालसर ज्वारी, जिची भाकरी कितीही थापली तरी मनासारखी व्हायची नाही. आणि कामावर सुकडी वाटायचे. पीठ, गूळ, तेल यांची. वर्गात उरलेल्या पोरांना आई अभ्यासक्रमाप्रमाणे चौरस आहार शिकवत होती. "लाज वाटायची गं," ती एकदा म्हणाली, "तो तक्ता उलगडायची. पण तपासणीला साहेब आले की विचारायचे, म्हणून शिकवायचा."

नेमक्या त्याच काळात सगळ्या जगात 'प्रथिनं कमी पडताहेत' असा गजर चालू होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवाल काढला होता. गरीब देशांतल्या मुलांना प्रथिनांच्या पावडरी, प्रथिनांची बिस्किटं दिली की झालं, असं पुष्कळांना वाटत होतं. त्याविरुद्ध जे बोलले त्यातलं एक मोठं नाव आपल्या सातारा जिल्ह्यातलंच आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, बुधचे. संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते, नंतर पुण्यात येऊन काम केलं. त्यांनी आकडे मांडून सांगितलं की इथल्या मुलाला प्रथिनं कमी पडतात त्याचं मुख्य कारण त्याला अन्नच कमी पडतं. भाकरी आणि डाळ पोटभर मिळाली तर त्यातली प्रथिनं बहुतेकांना पुरतात. अपुरं खाणाऱ्याच्या पोटात घातलेली महागडी प्रथिनं शेवटी सरपणासारखी जळून जातात.

हैदराबादला गोपालन यांनाही हेच दिसलं. त्यांनी खेड्यांतल्या सुमारे ३०० लहान मुलांना वर्षाहून जास्त काळ रोज एक पदार्थ दिला. त्यातून ३१० कॅलरी मिळायच्या आणि प्रथिनं जेमतेम ३ ग्रॅम. मुलांची उंची आणि वजन, दोन्ही चांगलं वाढलं. तो पदार्थ कशाचा होता? गव्हाचं पीठ, साखर आणि तेल. १९७३ मध्ये हे छापून आलं तेव्हा आईच्या गावात तलावाच्या कामावर बायका जवळजवळ तेच ओंजळीत घेऊन खात होत्या!

भाचीच्या तक्त्यातल्या पाचव्या खान्यावर तिच्या बाईंनी लाल पेनने 'कमी खावे' असं लिहायला सांगितलंय. भाचीच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. (दादा, चॉकलेटचा तो डबा कपाटात वर ठेव.) राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनातही साखर, मीठ आणि तेल जपून वापरा असंच आहे. दिवसभरात निदान आठ गटांतलं काहीतरी पोटात जावं आणि धान्यांतून मिळणारी ऊर्जा निम्म्याहून कमी असावी असंही म्हटलंय. पण १९७३ च्या त्या पोरांना नेमकं त्या पाचव्या खान्यातलंच कमी पडत होतं. खाना तोच, त्याचा अर्थ मात्र समोर बसलेल्या मुलागणिक बदलतो. हे तक्त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

सुखात्म्यांचं सगळंच सगळ्यांना पटलं असं नाही. माणसाचं शरीर कमी अन्नाशीही काही प्रमाणात जुळवून घेतं असं ते पुढे म्हणू लागले, तेव्हा पुण्यातच वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी वाद घातला. लहान चणीचं मूल हे जुळवून घेतलेलं मूल समजू नका, असं गोपालनही बजावत राहिले. मला त्यातलं गणित कळत नाही. पण एक कळतं. भुकेल्या मुलाला 'काय खावं' हे शिकवून भागत नाही हे त्या सगळ्यांना मान्य होतं.

ते सरकारला मान्य व्हायला बराच वेळ गेला. शाळेत जेवण द्यायची कल्पना जुनी. मद्रासला १९२० च्या दशकापासून, पुढे १९५६ मध्ये कामराज आणि १९८२ मध्ये एमजीआर यांनी ती वाढवली. देशभर योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला, पण आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घालून घरी द्यायचे. आई तेव्हा नोकरीतच होती. ती म्हणायची, "तांदूळ घरी गेला की तो घरातल्या पंगतीने वाटला जातो. मुलीच्या वाट्याला काय येतं कुणाला ठाऊक." २००१ मध्ये देशात गोदामं भरलेली असताना राजस्थानात लोक उपाशी होते, त्यावरून खटला झाला आणि २८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिजवलेलं जेवण द्या. रोज किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं. नंतर आपल्या शाळांत खिचडी आली. तांदूळ आणि डाळ, दोन खाने एकाच पातेल्यात! आईच्या मते तिच्या अख्ख्या नोकरीत आहाराचा सगळ्यात चांगला धडा तोच. मुलगा असो, मुलगी असो, कुणाचंही असो, एका ओळीत बसून एकाच वेळी गरम जेवण.

खिचडीचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एक अंडं (न खाणाऱ्याला केळं) द्यायचं ठरवलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे बंद केले. तक्त्यातलं अंडं मात्र जागच्या जागी आहे.

आता शेवट. घरातला.

मी कॉलेजात असताना आई एकदा शाळेच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत हाच धडा शिकवता ना?" आई नुसती हसली. तिला तक्ता तोंडपाठ होता. लोह कशात असतं, पालेभाजीवर लिंबू का पिळायचं, सगळं. पण आमच्या घरात आधी आजोबा-बाबा, मग आम्ही, मग आजी आणि सगळ्यात शेवटी आई. आमटीचं पातेलं तिच्यापर्यंत येईस्तोवर तळाला खडखडाट. भाजी मला आवडते म्हणून माझ्या ताटात. 'मला भूक नाही' हे वाक्य तिने आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल! आणि मी, तिची मुलगी, त्याच तक्त्यावर दहापैकी दहा मार्क मिळवून बसले होते. तिच्या ताटात काय आहे ते मी एकदाही वाकून पाहिलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. हा आकडा वाचते तेव्हा मला ती पायरी दिसते.

असो. तर भाचीच्या थालीपिठाचं काय झालं?

मी आईलाच फोन लावून विचारलं. ती म्हणाली, "थालीपीठ मधोमध काढ म्हणावं आणि सगळ्या खान्यांत बाण सोड. आणि तिला सांग, एकटीचं ताट नको काढूस. घरातल्या सगळ्यांचं काढ. कोण कधी जेवलं तेही लिही."

काल वहिनीने त्या कार्डशीटचा फोटो पाठवला. मधोमध थालीपीठ, त्याला पाच बाण, भोकात तेल वगैरे व्यवस्थित. खाली चार ताटं. भाचीचं, तिच्या दादाचं, बाबांचं आणि आईचं. प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहिलंय. 'मी - २ थालीपीठं, बसून.' 'दादा - ३, टीव्हीसमोर.' 'बाबा - ३, बसून.'

आणि चौथ्या ताटाखाली: 'आई - अर्धं, जळकं, उभ्याने.'

वहिनीने फोटोसोबत काहीच लिहिलं नव्हतं. दादा, तू हे वाचत असशीलच. आज रात्री तवा तू सांभाळ. भाजणी डब्यात वरच्या फळीवर आहे, मला माहितीये.